तुटलेल्या पायडलला नवी पाटी

पाटी तुटली ती टाचेकडच्या बिजागरीपाशी. गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदाच्या तालमी चालू होत्या. किक ड्रमचा ठोका अचानक गेला म्हणून खाली पाहिलं, तर पायाखालचा फूटबोर्ड पायडलपासून सुटून आडवा पडला होता. स्प्रिंग तुटली, साखळीची कडी निसटली, बीटरचा फेल्ट झिजला, तर हे सगळं सुटं मिळतं. पाटी सहसा मिळत नाही, आणि मिळाली तर ती दुसऱ्याच पायडलची निघते. भोकांना भोकं जुळत नाहीत.

मी पुण्यात, कसब्यात राहतो. घरापासून पाच मिनिटांवर तांबट आळी. कुंभारवेशीवरून पुढे गेलं की मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. पाटी घरीच करायची असं ठरवलं ते या शेजाराच्या भरवशावर. आजवर चार पाट्या केल्या आहेत. पहिली वाकली, दुसरी चालली पण पायाला रुचली नाही, तिसरी उभी चिरली, चौथी अजून वाजते आहे. कुठला माल का घ्यावा आणि का घेऊ नये हे मला त्या चौघींनी शिकवलं, ते इथे सविस्तर सांगतो.

ढोल-ताशा पथकात ढोल कमरेला बांधलेला असतो. एका हातात टिपरू, दुसरा हात पानावर. पायांना काम फक्त चालण्याचं. ड्रमसेटचं तसं नाही. तीन-चार वादकांची वाद्यं एकट्या माणसाला वाजवता यावीत म्हणून हा संच जमत गेला, आणि तो खऱ्या अर्थानं जमला तो पायाला काम मिळाल्यावर. शिकागोतल्या विल्यम लुडविगनं १९०९ मध्ये झपाट्यानं वाजवता येईल असं पायडल बाजारात आणलं. त्याचा पहिला नमुना लाकडी होता. मग यंत्रकामातला जाणकार असलेल्या मेहुण्यानं, रॉबर्ट डॅन्लीनं, ते धातूत उतरवून दिलं. लाकडापासून सुरू झालेली वस्तू पुन्हा लाकडाकडे नेण्यात म्हणूनच मला काही वावगं वाटत नाही.

आता पाटीचं काम काय ते नीट पाहू. टाचेकडे तिला बिजागरी असते, बोटांकडच्या टोकाला साखळी. पाय दाबला की पाटी बिजागरीभोवती खाली फिरते, साखळी ओढली जाते, वरचा दांडा फिरतो आणि बीटर पानावर आदळतो. पाय उचलला की स्प्रिंग सगळं परत आणते. म्हणजे पाटी ही दोन टोकांना धरलेली फळी आहे, आणि तळव्याचा चवडा तिला मध्याच्या थोडं पुढे दाबतो. तिच्याकडून तीन गोष्टी हव्यात. दाबल्यावर ती वाकू नये, कारण वाकण्यात गेलेला जोर बीटरपर्यंत पोचत नाही. ती हलकी असावी, कारण प्रत्येक ठोक्याला तिला खाली न्यायचं आणि वर आणायचं असतं. आणि तिची भोकं टिकावीत.

ही तिसरी अपेक्षा सगळे विसरतात, मीही विसरलो होतो. मिनिटाला १०० ठोके धरले तर तासाभराच्या रियाजात ६,००० ठोके होतात. रोज एक तास, वर्षभर, म्हणजे जवळजवळ २२ लाख. बिजागरीच्या पिनेभोवतीची जागा हे सगळे ठोके झेलत असते.

म्हणून माल शोधायला निघण्याआधी तुटलेली पाटी उजेडात धरून बघावी. माझ्या पाटीची तूट राखाडी आणि दाणेदार होती, साखर दाबून केलेल्या वडीसारखी. हे साच्यात ओतलेल्या धातूचं लक्षण. असा धातू दाब सोसतो, पण वाकण्याची तयारी नसते; चीर पडली की सरळ दुभंगतो. तुटीचा एक कोपरा काळपट आणि गुळगुळीत झालेला होता. म्हणजे चीर कित्येक महिने तिथे होती, दोन्ही कडा एकमेकींवर घासत होत्या, आणि त्या संध्याकाळी फक्त उरलेला भाग सुटला. चीर सुरू झाली होती भोकाच्या कडेला. असा ओतीव तुकडा वेल्डिंग करून घ्यायचा मोह होतो, पण जोड बहुधा टिकत नाही. ओतीव धातूत बारीक पोकळ्या असतात आणि शेजारीच नवी चीर धरते. ते पैसे मी वाचवायला सांगेन.

तुटलेले तुकडे पुठ्ठ्यावर जुळवून ठेवा, पेन्सिलीनं बाह्यरेषा काढा, भोकांचे मध्य टोच्यानं उमटवा. हा पुठ्ठा पुढे प्रत्येक पाटीला लागणार आहे.

पहिली पाटी मी लोखंडाची केली, ३ मिलिमीटर जाड सपाट पट्टीची. लोखंड म्हणजे मजबूत, एवढाच विचार होता. माझ्या पाटीचं माप २८ सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर रुंद. या मापाची ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी भरते सुमारे ५९० ग्रॅम. एवढं वजन असूनही ती तिसऱ्या दिवशी चवड्याखाली खोलगट झाली. का, ते समजायला ताठपणा आणि मजबुती यांच्यातला फरक लक्षात घ्यावा लागतो. लोखंड ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ आणि सागाच्या सुमारे सोळापट, हे खरं. पण फळी वाकते किती, हे जाडीच्या घनावर ठरतं. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, चौपट केली तर चौसष्टपट. लोखंड जड, म्हणून ते पातळ घ्यावं लागतं, आणि पातळ घेतलं की त्याचा सगळा गुण त्या घनात बुडून जातो.

हिशेब करून पाहिला. दोन विटांवर २६ सेंटिमीटर अंतरावर पाटी ठेवली आणि ६० किलोचा माणूस तिच्या मधोमध एका पायावर उभा राहिला, तर ३ मिलिमीटर लोखंड साडेपाच मिलिमीटरच्या आसपास खाली जातं आणि पूर्ण परत येतच नाही. ६ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम सुमारे २ मिलिमीटर जातं, वजन ४१० ग्रॅम. १२ मिलिमीटरचा साग दीड मिलिमीटरही जात नाही, आणि त्याचं वजन २०० ग्रॅमच्या आत. पहिल्यांदा हे आकडे मांडले तेव्हा माझा विश्वास बसेना, म्हणून विटा आणून खरंच उभा राहिलो. आकडे बरोबर होते.

वजनाचा प्रश्न नुसत्या काट्यावर सुटत नाही. पाटी टाचेभोवती फिरते, त्यामुळे टाचेजवळचं वजन जवळपास हलतच नाही. बोटांकडचं सगळ्यात जास्त हलतं. सारख्या जाडीच्या पाटीला फिरवताना, तिच्या एकूण वजनाचा एक तृतीयांश भाग साखळीच्या टोकाला टांगला आहे असं धरलं तर हिशेब तंतोतंत जुळतो. म्हणजे लोखंडी पाटी जवळपास २०० ग्रॅमची वाटते, सागाची ६५ ग्रॅमची. माणसाचं पाऊल शरीराच्या वजनाच्या साधारण दीड टक्का असतं, ६० किलोच्या माणसाचं ९०० ग्रॅमच्या जवळपास. त्यापुढे २०० ग्रॅम क्षुल्लक नाहीत. यातून एक कामाची गोष्ट निघते: वजन कमी करायला पाटीला भोकं पाडायची असतील तर ती पुढच्या अर्ध्या भागात पाडावीत. टोकाचा एक ग्रॅम काढणं हे मध्यावरचे चार ग्रॅम काढण्याइतकं मोलाचं आहे, आणि टाचेकडची भोकं पाटीला फक्त कमजोर करतात.

वाकलेली पट्टी घेऊन मी तांबट आळीतल्या एका काकांकडे गेलो, ठोकून सरळ करून मिळेल का विचारायला. पेशवाईपासून इथे तांब्याचं काम चालत आलं आहे. घागरी, हंडे, पाणी तापवायचे बंब. हातोड्यांचा आवाज कसब्यातल्या माणसाला घड्याळासारखा सवयीचा. काकांनी पट्टी हातात घेऊन उलटी केली.

"एवढा जाड पत्रा कशाला घेतलास, बाळा? पातळ घे आणि काठ मोड."

"काठ मोडून किती फरक पडणार, काका?"

त्यांनी शेजारचा हंडा पुढे ओढला. "याचा पत्रा बघ केवढा आहे. आणि पाणी किती धरतो ते बघ."

हंड्याचा काठ बाहेर वळवलेला होता, आणि सगळ्या अंगावर मठारकामाचे ठसे. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं शेजारी शेजारी घातलेले हे घाव चमक आणतात म्हणून लोकांना आवडतात, पण त्यांचं खरं काम पत्रा कडक करण्याचं. तांबं ठोकलं की कडक होतं. लाल होईपर्यंत तापवलं की पुन्हा मऊ. आकार देताना तांबट त्याला तापवून तापवून मऊ करत नेतो आणि शेवटी मठारून ताठ करतो. माझी लोखंडी पट्टी जाड होती, पण तिला काठ नव्हता.

घरी येऊन गणित मांडलं. सोळा गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा घ्यायचा आणि दोन्ही लांब कडा १२ मिलिमीटर खाली मोडायच्या, उलट्या ठेवलेल्या पन्हाळीसारख्या. वजन ४०० ग्रॅम होतं, म्हणजे सपाट पट्टीच्या दोन तृतीयांश, आणि ताठपणा नऊपट. कारखान्यात बनलेल्या पायडलच्या पाटीला खालून हात लावून बघा, बहुतेकींना कडा किंवा खालून उभ्या फासळ्या सापडतील. मोडलेल्या कडांचा आणखी एक फायदा असा की टाचेकडे त्या दोन कानांसारख्या राहतात आणि बिजागरीची पिन त्यांच्यातून आरपार नेता येते. धातूचीच पाटी हवी असेल तर माझं मत याच्या बाजूनं आहे. पत्रा कापून मोडून देणारा फॅब्रिकेटर सगळीकडे असतो. पुठ्ठा दाखवायचा आणि कडा खाली की वर हे दोनदा सांगायचं.

तांबं किंवा पितळ मात्र पाटीसाठी घेऊ नका, दिसायला कितीही देखणं असलं तरी. तांबं लोखंडापेक्षा जड, ताठपणात कमी, आणि मऊ अवस्थेत ३ मिलिमीटरचा तुकडा पहिल्याच जोरात वाकेल. पितळेचं काम वेगळ्या जागी आहे, ते पुढे येईल.

दुसरी पाटी ॲल्युमिनियमची. इथे प्रत पाहणं महत्त्वाचं. भांड्यांसाठी मिळणारा मऊ पत्रा उपयोगाचा नाही. खिडक्यांच्या सेक्शनला वापरतात ते ६०६३ चालतं, यंत्रकामाच्या दुकानात मिळणारं ६०६१-टी६ अधिक चांगलं. पण टी६ प्रतीच्या पट्टीला शिकंज्यात धरून काटकोनात मोडू नये, ती बाहेरच्या अंगाला तडकते. सपाटच ठेवावी आणि ६ मिलिमीटर घ्यावी. ॲल्युमिनियमचा एक स्वभाव माहीत असावा. लोखंडाला एका मर्यादेच्या आत ताण दिला तर ते कितीही वेळा सोसतं. ॲल्युमिनियममध्ये अशी सुरक्षित मर्यादा नसते, थकवा साठत जातो. म्हणून भोकाची कड कानशीनं गोल करायची, कोपरे टोकदार ठेवायचे नाहीत, आणि आखणी अणकुचीदार टोच्यानं ओरखडून करण्याऐवजी पेननं करायची. ओरखडा हीच उद्याची चीर.

माझी ॲल्युमिनियमची पाटी मोडली नाही. पण मी अनवाणी वाजवतो, आणि घामट तळव्याखाली ती घसरायची, हिवाळ्यात गार लागायची, शिवाय प्रत्येक ठोक्याला हलका टणत्कार करायची. खालून रबराचा तुकडा चिकटवल्यावर आवाज दबला. बूट घालून वाजवणाऱ्याला यातलं काहीच खटकणार नाही. सरकत्या पावलानं दुहेरी ठोके घेणाऱ्याला तर असा गुळगुळीतपणा हवाच असतो.

तिसरी आणि चौथी पाटी सागाची. कसब्यातला वाडा उतरवला जातो तेव्हा मला तिथून जाताना थांबायला होतं. तुळया, खांब, दारांच्या चौकटी एका बाजूला रचलेल्या असतात, आणि ज्या खणाखाली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जेवली त्याचं लाकूड टेम्पोत चढत असतं. मोठे नग व्यापारी नेतात. तुकडे जुन्या बाजारात येतात. माझा तुकडा तिथलाच, एका तुळईचं कापलेलं टोक. जुन्या सागाचा गुण असा की ते अनेक दशकं सुकलेलं असतं, आता ते फारसं आक्रसत किंवा पिळवटत नाही.

पण जुनं म्हणून डोळे मिटून घेऊ नये. आधी रेषा बघायच्या. लाकडाच्या शिरा पाटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर पाटी त्याच रेषेवर सुटते. गाठ असलेला तुकडा नको. काळे डाग दिसले की आत खिळ्याचा तुकडा असण्याची शक्यता धरायची, रंधा आणि करवत दोन्ही खराब होतात. बाहेरचा फिकट भाग किडीला लवकर बळी पडतो, तो काढून गाभ्याचं पिवळट तपकिरी लाकूड ठेवायचं. रंध्याखाली तेलकट वास आला म्हणजे माल चोख. या तेलामुळेच सागाला गोंद नीट धरत नाही, म्हणून काही चिकटवायचं असेल तर ती जागा आधी थिनरच्या फडक्यानं पुसून लगेच चिकटवावी.

एवढी काळजी घेऊनही तिसरी पाटी चिरली, आणि दोष लाकडाचा नव्हता. मी टाचेच्या टोकाशी दोन स्क्रू एकाच शिरेवर एकापुढे एक मारले होते. लाकूड शिरांच्या दिशेनं जबरदस्त, पण शिरा एकमेकींपासून सोडवायला फार जोर लागत नाही. प्रत्येक स्क्रू म्हणजे एक पाचर. दोन पाचरी एका रेषेत ठोकल्या, आणि २०-२५ दिवसांत रेष उघडली.

ज्यांना हा धोका नको त्यांनी सरळ प्लायवूड घ्यावं. प्लायमध्ये पातळ थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते एका रेषेत चिरत नाही. १२ मिलिमीटरचं, आयएस ७१० छापाचं मरीन प्लाय मागावं. पुण्याच्या पावसाळ्यात आणि पायाच्या घामात ते सुटत नाही. वरच्या थराच्या शिरा पाटीच्या लांबीत धराव्यात. सागाइतकं ताठ ते नसतं, पण ॲल्युमिनियमच्या पाटीच्या बरोबरीनं उभं राहतं आणि वजनाला तिच्या निम्मं. सुताराकडे उरलेल्या तुकड्यात काम भागतं. पहिल्यांदा पाटी करणाऱ्याला मी हेच सुचवतो. कडा मात्र पॉलिश पेपरनं गोल करून सील करा, पाणी तिथूनच शिरतं.

बाकीच्या मालाबद्दल थोडक्यात. ॲक्रिलिक पारदर्शक आणि देखणं, पण १० मिलिमीटर जाडीलाही सपाट लोखंडापेक्षा अधिक वाकतं आणि भोकाशी तडकतं. पॉलिकार्बोनेट तडकत नाही, पण वाकतं त्याहून जास्त. हायलमची शीट, म्हणजे कापड किंवा कागदाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेली, भोकांना उत्तम, ताठपणाला साधारण. १२ मिलिमीटर घेतली तर चालेल, पण सागाच्या दुप्पट वजनाची होते. बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली फळी मात्र खरोखर विचार करण्यासारखी आहे. बांबूचं बळ सालीकडच्या भागात एकवटलेलं असतं, त्यामुळे चांगल्या फळीचा ताठपणा सागाच्या तोडीचा येतो. जोड सुटलेले नाहीत ना एवढं पाहून घ्यावं.

चौथ्या पाटीत मी एकच माल शोधायचं सोडून दिलं. मधल्या भागाला हवा ताठपणा आणि हलकेपणा, तो सागानं दिला. भोकांना हवा कठीणपणा, तिथे धातू घातला. टाचेकडे पाटीच्या वर आणि खाली २ मिलिमीटरच्या लोखंडी पट्ट्या, ९० बाय ३५ मिलिमीटर, आणि त्यांच्यामधून आरपार चार एम-५ बोल्ट. ते एका शिरेवर येऊ नयेत म्हणून नागमोडी मांडले. लाकडातली भोकं बोल्टपेक्षा किंचित मोठी ठेवली. पावसाळ्यात साग रुंदीत अर्धा मिलिमीटर फुगला तर त्याला जागा हवी. नट नायलॉकचे, कारण साधे नट या थरथरीत तासाभरात सैल होतात. स्क्रू एकही नाही.

पितळेची जागा बिजागरीत. दाराची बिजागरी लावून पाहाल तर पाटी डावी-उजवी डुलेल, तिच्या पिनेला तेवढी सैलपणाची सवयच असते. त्याऐवजी ६ मिलिमीटरची पोलादी पिन आणि तिच्यावर बसणारे दोन पितळी बुश लेथवर करून घ्यावेत. पोलाद पोलादावर घासलं की दोन्ही खराब होतात. पोलाद पितळेवर घासलं की झीज बुशवर येते, आणि बुश बदलायला सोपा. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब महिन्यातून एकदा. बुश आणि खालच्या कानांमध्ये नायलॉनचा पातळ वॉशर घातला की आवाज आणि डुलणं दोन्ही थांबतं.

साखळीच्या टोकाला मी जपून वागलो, कारण तिथला प्रत्येक ग्रॅम पायाला मोजावा लागतो. ४० बाय ३० मिलिमीटरचे दोन तुकडे, सोळा गेज पत्र्याचे, प्रत्येकी १५ ग्रॅम. बोल्टसकट पूर्ण पाटी ३५० ग्रॅमच्या जवळ गेली, ॲल्युमिनियमपेक्षा थोडीच हलकी. पण वाढलेलं बहुतेक वजन टाचेपाशी आहे, जिथे ते हलत नाही. साखळीच्या टोकाला ती ११० ग्रॅमच्या आत वागते, आणि हा फरक पायाला पहिल्या मिनिटात कळतो. स्प्रिंग एक-दोन आटे सैल करावी लागली.

वरच्या अंगाला जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, मध्ये एकेक दिवस सुकवून. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा. अनवाणी तळव्याला हे लाकूड ना घसरतं ना चिकटतं. खरखरीत टेप लावली तर तासाभरात चवडा सोलवटतो, ती बूटवाल्यांसाठी.

जोडणी झाल्यावर साखळी काढून ठेवा आणि पाटी बोटानं उचलून सोडा. ती कुठेही न अडता स्वतःच्या वजनानं खाली पडली पाहिजे. अडली तर पिन वाकडी बसली आहे. मग साखळी लावून अर्धा तास वाजवा, बोल्ट पुन्हा आवळा, आणि प्रत्येक नटावर व पट्टीवर मिळून पेननं एक आडवी रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. माझ्या पाटीवरच्या रेघा पहिल्या आठवड्यात दोनदा सरकल्या, त्यानंतर सरकलेल्या नाहीत.